पाहुण्यांचा पलंग

मित्रांनो, मी एक जुना पलंग आहे. पलंगाला कसली आली आहे जीवनकहाणी, असे तुम्हाला वाटेल. एका जागी उभे राहायचे आणि कोणाचे तरी घोरणे ऐकायचे, यात सांगण्यासारखे काय? पण मी साधासुधा पलंग नाही. समुद्राकाठच्या एका घरात, खालच्या मजल्यावरच्या खोलीत, मी पाहुण्यांचा पलंग म्हणून उभा राहिलो. माझ्यावर किती माणसे झोपून गेली याची गणती नाही, पण त्यांतले एकही माझे नव्हते. चार दिवस राहायचे, 'झोप छान लागली हो' म्हणायचे आणि बॅग उचलून चालू लागायचे. हे दुःख मी कधी कोणाला सांगितले नव्हते. आज तुम्हाला सांगतो, कारण आता ते उरलेले नाही.

माझा जन्म होड्या बांधणाऱ्या एका सुताराच्या हातून झाला. पलंग बनवणारे सुतार जवळपास नव्हते असे नाही, पण या घरातल्या बाबांचा होडीवाल्यावर भारी विश्वास. बाबा होड्यांची इंजिने दुरुस्त करायचे, त्यामुळे दोघांची ऊठबस एकाच किनाऱ्यावर. "खाऱ्या वाऱ्यात खिळे टिकत नाहीत, लाकडाला लाकूडच धरून ठेवतं," असे म्हणत सुताराने मला एकही खिळा न मारता नुसत्या लाकडी खुंट्यांनी जोडले. सवयच होडीची, म्हणून माझ्या कडाही त्याने जरा वर उचलून ठेवल्या.

"अरे, याच्यावर झोपायचंय, मासे धरायला नाही जायचं," बाबा म्हणाले.

"असू दे. झोपेत कोणी खाली तर पडणार नाही," सुतार म्हणाला. आणि खरेच, माझ्यावरून आजपर्यंत कोणी पडलेले नाही.

मला उचलून खोलीच्या कोपऱ्यात ठेवले आणि तिथेच माझी फजिती झाली. मी डुगडुगलो. कोपऱ्यातला माझा पाय जमिनीला टेकेना. सुतार खाली वाकला, बोटे फिरवून बघितली आणि म्हणाला, "पाय चारही सारखे आहेत. तुमची जमीन वाकडी आहे." बाबा पोट धरून हसले. "वा रे वा. नाचता येईना, अंगण वाकडं." सुताराला राग आला. त्याने लाकडाची एक छोटी पाचर तासली, त्या पायाखाली सरकवली आणि चहाही न घेता निघून गेला. तेव्हापासून घरात माझे नाव पडले लंगडा. 'लंगड्याची गादी उलटी कर', 'लंगड्याच्या पाचरीकडे बघ', असे सगळे सहज बोलत. मला मात्र ते नाव फार लागायचे. पाय धडधाकट असताना लंगडा म्हणवून घेणे काय असते, ते माझे मलाच ठाऊक.

आता त्या घरातल्या आईबद्दल सांगतो. समुद्राकाठी घर म्हटले की नातेवाईक आपोआप वाढतात. ज्यांची नावे आठवत नाहीत तेही 'तुमच्या आत्याच्या नणंदेचे' म्हणून येतात. आईला त्याचे कधी ओझे वाटले नाही, पण तिची एक अट होती, ती स्वतःलाच घातलेली. "ज्या अंथरुणावर आपण पडून बघितलं नाही, ते दुसऱ्याला घालू नये," ती म्हणायची. म्हणून खोली झाडून-पुसून, चादर ताणून झाली की ती मागच्या दाराने बाहेर पडायची. पायांत चपला, हातात बॅग. मग घराला वळसा घालून ती पुढच्या दारावर टकटक करायची.

बाबांना हातातले काम टाकून दार उघडावे लागे.

"कोण?"

"पाहुणी."

"या या. प्रवास कसा झाला? कुठून आलात?"

"स्वयंपाकघरातून."

"लांबून आलात. दमला असाल."

त्यांची दोन मुले, दादा आणि मुंगी. मुंगी सतत काही ना काही उचलून इकडचे तिकडे करायची, म्हणून तिला हे नाव. ती जिन्याच्या पायरीवर बसून हे दरवेळी ऐकायची आणि दरवेळी तितकीच हसायची. आई मात्र अगदी गंभीर चेहऱ्याने खोलीत यायची. बॅग ठेवायला जागा आहे का ते बघायची. माझ्यावर बसायची, मग आडवी व्हायची. झोपल्या झोपल्या हात लांब करून पाण्याचा पेला सापडतो का, ओला टॉवेल कुठे टाकायचा, उठल्यावर पाय चपलेवर पडतात की गार फरशीवर, हे सगळे तपासायची. काही चुकले असेल तर लगेच उठून ती पुन्हा घरची व्हायची आणि दुरुस्त करायची. दादा याला आईचा खुळेपणा म्हणायचा. पण आमच्याकडून कोणी पाहुणा 'तेवढं एक राहिलं' असे मनात ठेवून गेला नाही.

एकदा मुंगीने विचारले, "आई, वरती तुमच्या खोलीत झोपलं की दार दिसतं. इथे झोपलं की खिडकी दिसते. असं का?"

"पाहुण्याचे डोळे उघडले की समोर समुद्र पाहिजे. त्यासाठीच तर बिचारा एवढ्या लांबून येतो," आई उशीला खोळ घालत म्हणाली.

"आणि तुला समुद्र नको?"

"मला तो रोजचाच आहे. घरच्या माणसाचे डोळे दारावर असावेत, मुंगे. कोण आलं, कोण गेलं, कोण अजून यायचंय, हे पडल्या पडल्या कळलं पाहिजे."

म्हणून मी कायम खिडकीकडे पाय करून उभा राहिलो. खोलीचे दार बाजूच्या भिंतीत, अगदी उशीच्या मागच्या अंगाला होते. खोलीत कोण आले हे बघायला झोपलेल्याला मान पार मागे वळवावी लागे. पाहुण्यांची त्याबद्दल काही तक्रार नसे, कारण त्यांना कोणाची वाट बघायची नसे.

दर मोसमात माझा थाट निराळा असायचा. उन्हाळ्यात माझ्यावर पातळ सुती चादर, खिडकीला भिजवलेला पडदा, दाराबाहेर जाड पायपुसणे आणि पाय धुवायला बादलीभर गोडे पाणी. "वाळू पाहुण्यांच्या आधी येते आणि पाहुण्यांच्या नंतर जाते," आई केरसुणी झटकत म्हणायची. उन्हाळ्यात आईचा भाऊ यायचा. मामा भला माणूस, पण तो घोरू लागला की माझ्या खुंट्यांना घाम फुटायचा. सकाळी उठून तोच सगळ्यांना सांगायचा, "हा पलंग फार कुरकुर करतो बुवा." चोराच्या उलट्या बोंबा, दुसरे काय.

पावसाळ्यात पाहुणे थोडे आणि काम दुप्पट. हवा इतकी ओली की दार फुगून चौकटीत अडकायचे. आई कपाटात खडूचे तुकडे ठेवायची, ओल ओढून घ्यायला. जरा ऊन पडले की गादी बाहेर, ढग आले की गादी आत. पाहुणा येण्याआधी ती माझ्यावर अंथरलेल्या चादरीवरून गरम इस्त्री फिरवायची. ती ऊब माझ्या फळ्यांपर्यंत पोहोचायची. त्या दिवसांत आईची शाळेतली मैत्रीण हटकून यायची. पावसात समुद्र तिच्या एकटीचा असतो, असे तिचे म्हणणे. तिच्यासाठी आई पाहुणी होऊन आली तेव्हा मुद्दाम ओली छत्री घेऊन आली आणि दारातच थबकली. ओली छत्री ठेवायला जागाच नव्हती. तेव्हापासून दारामागे एक रिकामी बादली आली.

हिवाळ्यात वारा खिडकीच्या फटीतून शिट्टी वाजवत घुसायचा. आईने कापडाची एक लांबलचक पिशवी शिवून तिच्यात वाळू भरली होती. ती खिडकीच्या फटीशी आडवी ठेवली की शिट्टी बंद. मुंगीने तिचे नाव ठेवले 'वाळूचा साप', आणि पुढे पाहुणेही 'जरा तो साप द्या' म्हणू लागले. एका हिवाळ्यात एक आजी-आजोबा आले होते. निघताना आजोबांनी माझ्या कडेवर हात ठेवला आणि म्हणाले, "होडीत झोपल्यासारखं वाटलं. लाटा मात्र नव्हत्या." हे ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. सुताराने ऐकायला हवे होते, असेही वाटले.

पण खरे सांगू? घरात चांगली चादर निघाली की ती माझ्यावर पडायची, नवी उशी आली की ती माझ्या वाट्याला, आणि तरीही मला वरच्या मजल्यावरच्या पलंगांचा हेवा वाटायचा. त्यांच्यावर ठिगळाच्या चादरी असत, पण त्या दुपारपर्यंत चुरगळलेल्या असत. मुले त्यांच्यावर उड्या मारत, रुसून पडत, अभ्यासाची पुस्तके पसरत. मला छतातून सगळे ऐकू यायचे. माझ्यावर मात्र पाहुणे असले तरी जपून बसत. सकाळी उठून चादर इतकी ताणून घालत, जशी काही त्यांनी ती वापरलीच नाही. पाहुणा चांगल्या घरचा असेल तर पांघरुणाची घडी करून पायथ्याशी ठेवायचा. तशी घडी दिसली की मी ओळखायचो, हा आता जाणार.

मुले मोठी झाली. दादा परदेशी गेला, मुंगी लग्न होऊन शहरात गेली. मग एका हिवाळ्यात बाबा गेले. त्या दिवसांत घर माणसांनी भरले होते आणि माझ्यावर तिघे तिघे झोपले, पण झोप कोणालाच लागली नाही. पुढे एकेक करून सगळे गेले आणि आई एकटी राहिली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मामा यायचा होता. आईने खोली तयार केली. पडदा भिजवला, पाणी भरले. मग सवयीने ती मागच्या दाराने बाहेर पडली, घराला वळसा घालून पुढे आली आणि तिने दारावर टकटक केली. दार कोणी उघडले नाही. उघडायला घरात होते कोण? ती बराच वेळ बाहेर तशीच उभी होती. शेवटी तिने स्वतःच दार लोटले, बॅग जागेवर ठेवली आणि माझ्या कडेवर टेकली. आडवी झाली नाही. मित्रांनो, मला हात असते तर मी ते दार उघडले असते. त्या दिवसानंतर आई पाहुणी होऊन कधी आली नाही.

हळूहळू पाहुणेही कमी झाले. आणि एका पावसाळ्यात आईचा जिन्यावरून पाय घसरला. मांडीचे हाड मोडले. मुंगी धावत आली आणि तिला शहरात घेऊन गेली. घराला कुलूप लागले, किल्ली शेजारच्या काकूंकडे राहिली. काकू मनाने चांगल्या, पण त्यांच्या घरात पसारा फार. त्यातला थोडा थोडा माझ्यावर येऊ लागला. तुटकी खुर्ची, रिकाम्या टोपल्या, एक जुना पंखा. गादी गुंडाळून भिंतीला उभी केली होती, तिला बुरशीचा वास येऊ लागला. खारे वारे लागून माझ्या अंगावर पांढरी पूड बसली. खिडकीतून समुद्र दिसत होता, पण बघायला कोणी नव्हते. आता आपण जळणात जाणार, असे मी धरूनच चाललो होतो.

वर्ष उलटल्यावर एका सकाळी कुलूप निघाले आणि मुंगी आत आली. तिच्या केसांत आता पांढरे दिसत होते. मागोमाग काकू होत्या. मुंगी माझ्यावरचा पसारा उतरवता उतरवता बोलत होती आणि मी कान टवकारून ऐकत होतो.

"काकू, आई वर्षभर माझ्याकडे आहे, पण तिने अजून बॅग उघडून कपडे कपाटात लावलेले नाहीत. बॅगेतून काढते, धुतलेले परत बॅगेत ठेवते. पाणी हवं असलं तरी 'घेऊ का?' म्हणून विचारते. माझ्याच आईने मला विचारायचं?"

"मग आण की तिला इकडे. मी आहे ना," काकू म्हणाल्या.

"जिना चढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. दादा म्हणतो, घर कायमचं बंद करू. मी म्हटलं, एकदा खालच्या खोलीत ठेवून बघू. मी पंधरा दिवस सोबत राहीन. तिचं मन रमलं तर ती इथेच राहील. नाही रमलं, तर दादा म्हणतो तसं."

म्हणजे आईचे आणि घराचे काय व्हायचे ते या खोलीवर ठरणार होते. मी मनात म्हटले, लंगड्या, आता उभा राहा नीट.

मुंगी कामाला लागली. तिने मला जागेवरच गोड्या पाण्याने पुसले, खिडकी उघडून वाळवले आणि तेलाचा हात फिरवला. सैल झालेल्या खुंट्या ठोकून बसवल्या. गादीचा कापूस पिंजून आणला. पाचर झाडताना केरात सापडली, ती तिने कोपऱ्यात माझ्या पायाखाली सरकवली. कपाटात खडू, दारामागे बादली, खिडकीशी वाळूचा साप. आईने शिकवलेले काहीही ती विसरली नव्हती. सगळे झाल्यावर तिने काकूंना घरात उभे केले आणि स्वतः चपला घालून, बॅग घेऊन मागच्या दाराने बाहेर गेली.

पुढच्या दारावर टकटक झाली. काकू आतूनच ओरडल्या, "अगं, दार उघडंच आहे, ये की!"

"काकू, तुम्ही 'कोण' म्हणायचं."

"कोण म्हणू? तूच आहेस ना?"

मुंगीने कपाळावर हात मारला, पण ती आत आली आणि माझ्यावर आडवी झाली. डोळे मिटून तिने म्हाताऱ्या माणसाचे दुखरे पाय आठवले. काठी ठेवायची कुठे? ती उठली आणि उशीजवळ भिंतीला खुंटी ठोकली. दिव्याचे बटण लांब होते, म्हणून हाताशी येईल असा छोटा दिवा आणला. चपला वाकून शोधाव्या लागू नयेत म्हणून त्या एका पाटावर ठेवल्या. मग उशी थोपटून तिने समोर बघितले. खिडकीत समुद्र लखलखत होता. आता काही राहिले नाही, या समाधानाने ती उठली.

दोन दिवसांनी आई आली. काठी टेकत खोलीत शिरली, चहूकडे नजर फिरवली आणि माझ्यावर बसली. किती वर्षांनी तो भार ओळखीचा वाटला.

"छान केलंस हो," ती म्हणाली. "फार त्रास घेतलास."

मुंगी खुलली. मी मात्र चरकलो. हेच शब्द मी अनेकांच्या तोंडून ऐकले होते. पाहुणे असेच बोलतात. आईने बॅग खिडकीखाली ठेवली, ती उघडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हळूहळू माझी चादर ताणून घातली, पांघरुणाची घडी करून पायथ्याशी ठेवली आणि मुंगीला विचारले, "परत कधी निघायचं म्हणालीस?"

दिवस असेच जाऊ लागले. आई उशीला टेकून समुद्र बघायची. जेवायला हाक मारली की जायची, वाढलेले मुकाट्याने जेवायची, मीठ कमी असले तरी बोलायची नाही. पुढच्या दाराशी कोणी आले की मान मागे वळवून बघायचा प्रयत्न करायची, पण मान वळेपर्यंत आलेले माणूस खोलीत येऊन उभे असायचे, आणि ती दचकायची. मुंगीने तिच्या आवडीचे सगळे करून बघितले. मग तिचाही धीर सुटत चालला. एकदा तिला दादाशी फोनवर बोलताना मी ऐकले. "बहुतेक तुझंच बरोबर आहे," ती म्हणत होती. त्या वेळी माझ्यातली एक खुंटी करकरली, ती वाऱ्याने नव्हे.

शेवटी मुंगी माझ्या कडेवर येऊन बसली. "आई, काय कमी आहे ते सांग ना. मी स्वतः पडून बघितलंय इथे."

"पाहुणी होऊन?"

"हो. तुझ्यासारखीच."

"मग बरोबर आहे," आई म्हणाली. तिने तळहाताने चादरीवरची एक बारीक सुरकुती काढली. "पाहुणीला इथे काही कमी नाही हो. पण पाहुण्याने वेळेवर निघावं, मुंगे. तुझीही कामं खोळंबली आहेत."

 तेवढ्यात पुढच्या दाराशी पावले वाजली. आईने सवयीने मान मागे वळवली, तशी धक्का लागून काठी खाली पडली. "कोण आलं?" तिने विचारले. काकूच होत्या. पण मुंगीचे लक्ष काकूंकडे नव्हते. ती उशीकडे बघत होती, मग आईच्या अवघडलेल्या मानेकडे, मग उशीमागच्या खोलीच्या दाराकडे.

"आई, तुला इथून दार दिसत नाही."

"नाही ना. समुद्र दिसतो," आई म्हणाली.

मुंगी हसली की रडली, ते मला कळले नाही. बहुधा दोन्ही. "मी तुझी उशी पाहुण्यांच्या बाजूला ठेवली. सगळं तुझ्यासारखं करायला गेले आणि तुलाच पाहुणी करून ठेवलं. ऊठ आई, खुर्चीत बस. काकू, काकांना हाक मारा."

काका आले. आईला खुर्चीत बसवले. बाबांनी मला ठेवल्यापासून मी त्या जागेवरून हललो नव्हतो. माझ्या पायांनी जमिनीवर खळगे पाडले होते. सगळ्यांचा अंदाज चुकला, कारण मी दिसतो त्यापेक्षा जड आहे. काका मला ओढू लागले आणि खुर्चीतून आवाज आला, "ओढू नका, उचला. फरशीवर ओरखडे पडतील."

सगळे थांबून तिच्याकडे बघू लागले. वर्षभरात तिने पहिल्यांदाच कोणाला काही सुनावले होते.

"बघता काय? आधी गादी उतरवा. आणि मुंगे, तो साप पायात येतोय, उचल," आई म्हणाली.

मला त्याच कोपऱ्यात काटकोनात फिरवून ठेवले. डोके खिडकीच्या बाजूच्या भिंतीला नाही, की पूर्वीच्या भिंतीलाही नाही, तर दारासमोरच्या भिंतीला. काकांनी पाचर उचलली. "लंगडा पाय आता इकडे आला," असे म्हणत त्यांनी ती माझ्या जुन्याच पायाखाली घातली. मी पूर्वी कधी डुगडुगलो नव्हतो एवढा डुगडुगलो. काका बुचकळ्यात पडले.

"कोपऱ्यात घालून बघा," आई म्हणाली.

"तो पाय चांगला आहे, वहिनी."

"घालून तर बघा."

काकांनी पाचर कोपऱ्यात सरकवली, जिथे ती आयुष्यभर होती तिथेच. मी जागच्या जागी ढिम्म उभा राहिलो. काकांनी हलवून बघितले, काकूंनी बसून बघितले. 

"म्हणजे जमीनच वाकडी होती," आई म्हणाली, आणि तिला हसू फुटले. "सुतार बिचारा घसा फोडून सांगत होता. यांनी त्याला 'अंगण वाकडं' म्हणून चिडवलं, आणि अंगण खरंच वाकडं निघालं." हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आले. मित्रांनो, त्या दिवशी माझ्या पायावरचा डाग पुसला गेला. चहा न घेता निघून गेलेला तो सुतार मला फार फार आठवला.

गादी घातली, चादर घातली, उशी ठेवली. आई आडवी झाली. तिने समोर बघितले. खोलीच्या दारातून सरळ घराचे मुख्य दार दिसत होते. दाराची कडी, त्याखालचे पायपुसणे, बाहेर वाळूत उतरणारी पायरी, सगळे तिच्या डोळ्यांसमोर होते.

मुंगीने खिडकीखालची बॅग उचलली आणि ती मागच्या दाराने बाहेर गेली. थोड्या वेळाने पुढच्या दारावर टकटक झाली. काकू उठू लागल्या, तर आईने हात वर करून त्यांना बसवले.

"कोण?" आईने विचारले.

"पाहुणी."

"या या. प्रवास कसा झाला?" तिने उशीवरून मान जरा उचलली. "कुठून आलात?"

"स्वयंपाकघरातून."

"लांबून आलात. दमला असाल."

मुंगी दारात उभी राहिली.  ती लहानपणी जिन्यावर बसून हसायची, आज तिला हसता येत नव्हते. "बॅग कुठे ठेवू?" तिने विचारले.

"ती पाहुणीची बॅग नाही, माझी आहे," आई म्हणाली. "उघड ती आणि कपडे लाव कपाटात. खडू नीट बघून घे, ओले असतील तर बदल. आणि दादाला कळव, पुढच्या उन्हाळ्यात आलास तर वरच्या खोलीत झोपावं लागेल म्हणून. खाली आता जागा नाही."

तेव्हापासून आई इथेच आहे. मुंगी दर मोसमात येते आणि वर झोपते. काकू दिवसातून दहा वेळा येतात, आणि त्या पायरी चढण्याआधीच आई त्यांना हाक मारते. पाहुणे अजूनही येतात. त्यांच्यासाठी वरचे पलंग तयार होतात, त्यांच्या उशा समुद्राकडे बघतात, आणि आई माझ्यावर बसून सगळ्यांना कामे सांगते. घरात मला आता कोणी लंगडा म्हणत नाही, पाहुण्यांचा पलंगही म्हणत नाही. मी आईचा पलंग आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू कोपऱ्यात डुगडुगत उभी असेल. तिला मोडीत काढण्याआधी तिच्याखालची जमीन एकदा बघा. आणि घरात कोणी थकलेले माणूस असेल, तर त्याला नुसते मऊ अंथरूण घालून थांबू नका. त्याच्या जागी घटकाभर पडून बघा, आणि तिथून काय दिसते ते त्याला विचारा.

माझे म्हणाल, तर माझे आता उत्तम चालले आहे. दुपार झाली की माझी चादर पार चुरगळलेली असते, पांघरूण अर्धे खाली लोंबत असते, आणि कोणीही ते उचलून घडी घालत नाही.